भंगारवाला जे घेत नाही ते घरात आणायचं नाही: हा नियम कोणी पाळून बघितलाय का?

शेवंती

प्लास्टिक कमी करायचं म्हटलं की लोक आधी बांबूचा टूथब्रश आणि स्टीलचा स्ट्रॉ विकत आणतात, मला ते अजिबात पटत नाही. मुंबईतल्या घरात प्लास्टिक शिरतं ते भाजी, मासे, दूध, इडलीचं पीठ आणि हॉटेलचं पार्सल या वाटांनी, रोज, आणि ब्रश वर्षाला लागतात किती. त्यामुळे या धाग्यात फक्त रोजच्या गोष्टींबद्दल बोलूया.

आमच्याकडे परळला बिल्डिंगखाली जे भंगारवाले काका येतात त्यांच्याशी मी मुद्दाम बसून बोलले. त्यांनी आमच्याच सुक्या कचऱ्याची पिशवी खाली ओतली आणि ढीग लावून दाखवले. शाम्पू-फिनेलच्या कडक बाटल्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे, त्यांची झाकणं काढून तिसरीकडे कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, त्या धुतलेल्या असल्या तर भाव बरा मिळतो. आणि मग मोठा ढीग राहिला ज्याला त्यांनी हातच लावला नाही. वेफर्स-बिस्किटांची पाकिटं, सॅशे, थर्माकोल, आइस्क्रीमचे चमचे, सॉसच्या पुड्या, भाजीच्या पातळ पिशव्या. म्हणाले हे धारावीत पण कोणी घेत नाही ताई.

कारण विचारलं तर सरळ आहे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, ते एकमेकांपासून सुटे होत नाहीत. पातळ पिशवी इतकी हलकी की किलोभर जमवायला माणसाचा दिवस जातो, आणि वर ती ओली, खरकटी. म्हणजे हे सगळं जाणार कांजूर नाहीतर देवनारच्या डंपिंग ग्राउंडला, किंवा नाल्यात. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवायला लागल्या होत्या, माझी नणंद गोवंडीला राहते, मुलांना घेऊन आमच्याकडे येऊन राहिली होती.

तर तेव्हापासून घरात एकच नियम ठेवलाय. काका जे घेत नाहीत ते शक्यतो आणायचं नाही. जे घेतात ते आणलं तरी चालेल पण धुऊन, सुकवून, त्यांच्या हातात द्यायचं. या नियमामुळे मला फार बरं वाटतं कारण सगळंच टाळायचं म्हटलं की माणूस दोन आठवड्यात थकतो, इथे कशाशी भांडायचं आणि कशाशी नाही ते कळतं.

भाजीचं जमलंय. सुती साडीच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्यात, तोंडाला नाडी, त्या एका मोठ्या पिशवीत. एक गोष्ट महत्त्वाची: भाजीवाला तराजूत घालायच्या आधी पिशवी पुढे करायची. एकदा त्याने पातळ पिशवी फुंकर मारून उघडली की मग नको म्हटलं तरी ती बाजूला पडते आणि पुढच्याला जाते किंवा उडून जाते. बटाटे-कांदे एकत्र, वर टोमॅटो, कोथिंबीर-मेथी ओल्या फडक्यात. गिरणीत तर आपण आधीपासूनच डबा नेतो, दळणाला कोणी कधी पिशवी मागितली नाही, मग वाण्याकडे का नाही, असं म्हणून मी डाळ-तांदूळ-रवा लालबागला सुटं मिळतं तिथून आणते, डब्यात नाहीतर कागदी पुड्यात.

अडलंय कुठे तर दही, इडलीचं पीठ आणि पावसाळा. सांगा.

---

दांड्याची_पोर

मी खारदांड्याची, आमचा मासळीचाच धंदा. ताई तुम्ही पाण्यात जाऊन बघितलं ना तर हा धागा तुम्ही अजून रागाने लिहिला असतात.

बोंबील डोलजाळीत मिळतो. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात जाळी बांधून ठेवायची, पाणी जाळीतून वाहतं आणि मासळी जाळीच्या शेपटीकडे गोळा होते. आता पाण्याबरोबर जे काय वाहतंय ते सगळंच गोळा होणार ना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याच दोन महिन्यांत सगळे नाले भरभरून समुद्रात उतरतात, आणि ऑगस्टमध्ये होड्या गेल्या की पहिल्या पहिल्या खेपांना जाळं जड लागतं, वर घेतलं तर अर्धी पन्नी. माझा भाऊ आणि दोन खलाशी बसून निवडतात. पिशवी जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात अडकते, ओढली तर फाटते आणि तुकडे अजून आत जातात, म्हणून एकेक बोटाने सोडवायला लागते, तोपर्यंत मासळी उन्हात नरम पडते आणि बाजारात भाव पडतो. हा आमचा खर्च कोणाच्या हिशोबात नाही.

आता बाजाराचं सांगते. गिऱ्हाईकच मागतं, मावशी डबल पिशवी द्या, ट्रेनमध्ये पाणी गळेल. खरी गोष्ट आहे, गळतं, लोक बोलतात. पण पिशवी आम्हाला फुकट येत नाही आणि दंड झाला तर तोही आम्हीच भरायचा. झाकणाचा डबा घेऊन येणारी बाई आली ना की माझी आई तिला दोन कोळंब्या जास्त टाकते, खोटं नाही सांगत. साफ करून थेट डब्यात, वर बर्फाचा चुरा.

---

संदीप_डोंबिवली

शेवंती, तळमळ कळते पण मला मूळ मुद्दा चुकतोय असं वाटतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नाले पिशव्यांनी तुंबले होते, त्यानंतर पातळ पिशव्यांवर बंदी आली. परत २०१८ ला आली, २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. परत १ जुलै २०२२ ला केंद्राने कानातल्या काड्या, स्ट्रॉ, चमचे, थर्माकोलची सजावट वगैरे बंद केली. आणि आज संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर जाऊन बघा, प्रत्येक गाडीवर पातळ पिशवीचा गठ्ठा लटकलेला आहे. पिशवी कुठल्यातरी कारखान्यात बनतेच आहे ना? तो कारखाना बंद करायचा सोडून आपण साडीच्या पिशव्या शिवत बसायचं आणि पाच हजार कोणी भरायचे तर भाजीवाल्याने. आणि बिस्किटवाल्या कंपन्यांना कोण विचारणार? पाकीट त्यांनी काढलं, निस्तरायचं आपण.

---

शेवंती

संदीप, तुमचं निम्मं मला पूर्ण मान्य आहे. उत्पादकावर जबाबदारी कायद्यात आहेच, २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत, की पाकीट बाजारात आणलं तर तेवढं परत गोळा करायची व्यवस्था पण त्यांनीच करायची, आणि ती जोरात अंमलात यायला हवी त्यासाठी मी सही पण करीन आणि मोर्चात पण येईन. पण माझ्या घरातून रोज खाली जाणारा कचरा त्याची वाट बघत थांबत नाही. आणि दुसरं, आपण नियमाने डबा-पिशवी घेऊन गेलो तर भाजीवाल्याला पिशव्यांचा गठ्ठा ठेवायचं कारणच कमी होतं, आमच्या कोपऱ्यावरच्या भाभी आता पिशवी मागितल्यावरच देतात, आधीच्या सारखी आपणहून नाही. कारखाना बंद पडायला हेही लागतंच.

@दांड्याची_पोर, तुमचं वाचून पोटात कालवलं. बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

---

केतकी_मुलुंड

मी एक वेगळं बोलते, राग मानू नका. हे सगळं करायचं कोणी? डबे आठवणीने पिशवीत टाकायचे, दुधाच्या पिशव्या धुवायच्या, वाळत घालायच्या, घरी दही लावायचं, पीठ वाटायचं, सुटं आणायला लालबागला जायचं. मी सकाळी ७.४२ ची लोकल पकडते आणि रात्री साडेआठला घरी येते. प्रत्येक पर्यावरणाच्या लेखात शेवटी बाईचं काम वाढलेलं असतं आणि ते कोणी मोजत नाही. आमच्याकडे सासूबाईंनी हे सुरू केलं तेव्हा धुणं माझ्याकडे आलं.

---

शेवंती

केतकी, राग कसला, हे कोणीतरी बोलायलाच हवं होतं. माझ्या मते ज्या घरात हे काम एकाच माणसावर पडतं तिथे ते टिकणारच नाही, आणि टिकूही नये. आमच्याकडे बाजार नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा, म्हणून पिशव्या-डब्यांची आठवण त्यांची. दुधाची पिशवी जो फोडतो तो धुतो, हा मुलांनाही लागू. आणि मी पीठ वाटत नाही, स्पष्ट सांगते, विकतचंच आणते, म्हणून तर विचारलं.

तुम्ही सगळं नका करू, एकच करा, ज्याने तुमचं काम वाढत नाही असं. सॅशे आणि छोटी पाकिटं बंद करून मोठी कडक बाटली आणा. काम कमीच होतं आणि ती बाटली काका घेतात.

---

सुका_कचरा

कचरावेचक बायकांच्या गटाबरोबर काम करते त्यामुळे थोडं आतलं सांगते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्था या बायकांबरोबर कित्येक वर्षं काम करतायत, त्यांच्यामुळेच आपल्याला वर्गीकरण थोडंफार कळायला लागलं.

१. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. आडवी चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लागलेला ठेवा. तो सुटा त्रिकोण कोणी वेचू शकत नाही, तो मोरीतून थेट गटारात. पिशवी उभी कापून उघडली, एकदा पाण्याखाली धरली, आणि ग्रिलला चिमट्याने लावली की झालं, अर्धा मिनिट. ओली पिशवी गठ्ठ्यात गेली की आंबते, वास येतो आणि पूर्ण गठ्ठ्याचा भाव जातो.

२. पार्सलचे काळे डबे. भंगारात जातात पण काळ्याला भाव कमी, कारण रंग निघत नाही, त्यातून पुन्हा काळीच वस्तू होते. त्यातही तेलकट असेल तर बाजूला टाकतात.

३. ती कापडासारखी दिसणारी पिशवी जी दुकानात पंधरा-वीस रुपयांना देतात, शिवण नसते, दाबून चिकटवलेली असते, ती कापड नाही. ते पॉलिप्रोपिलीनच आहे. फाटली की तिचे धागे-तुकडे होतात आणि घेणारं कोणी नसतं. लोक ही पिशवी प्लास्टिक सोडलं म्हणून अभिमानाने घेतात, फार वाईट वाटतं.

४. सगळ्यात कळकळीची विनंती, ओला कचरा पिशवीत गाठ मारून देऊ नका. ती गाठ कोणीतरी हाताने सोडतं. काच, ब्लेड, पॅड, डायपर सगळं त्यात असतं. ओल्याची बादली उघडी द्या, तळाला वर्तमानपत्राचा कागद, गाडीवाला रिकामी करून बादली परत देतो. पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळं.

---

नचिकेत_अंधेरी

चौथ्या मुद्द्याला +१००. आमच्या सोसायटीत बादली सुरू केली, पहिला महिना भांडणं झाली, आता कोणी विचारत पण नाही.

ऑफिसचं सांगतो. एमआयडीसीत आमच्याकडे चहावाला उकळता चहा पातळ पन्नीत भरून, वर रबर बांधून आणायचा आणि बरोबर कागदी कपांची चळत. गरम चहा प्लास्टिकमध्ये हे बघूनच मला कसंतरी व्हायचं. आणि कागदी कप म्हणजे कागद असा समज आहे तो पण बरोबर नाही, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तर तो गळत नाही, त्यामुळे रद्दीवालाही घेत नाही आणि भंगारवालाही. आम्ही मजल्यावरच्या लोकांनी पैसे काढून दोन स्टीलच्या किटल्या आणि काचेचे कटिंगचे ग्लास आणले, ग्लास चहावालाच तारेच्या स्टँडमध्ये घेऊन जातो आणि धुऊन आणतो, त्यासाठी त्याला कपाला जास्त देतो. तोही खूश कारण कप-पन्नीचा खर्च वाचला.

ज्या पिशव्यांवर कंपोस्टेबल लिहिलेलं असतं त्याबद्दल पण सांगतो. खरी असली तरी ती कारखान्यातल्या जास्त तापमानाच्या कंपोस्टमध्ये विरघळायला बनवलेली असते, गॅलरीतल्या कुंडीत किंवा मिठी नदीत नाही. शेवंतीच्या नियमात ती पण नापास, काका घेणार नाहीत.

---

गिरगावकर_काका

आमच्या लहानपणी आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं, वर पट्ट्यापट्ट्यांच्या चांदीचं झाकण, पहाटे केंद्रावर रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या. कार्ड असायचं. रांग असायची, त्रास होता, पण कचरा म्हणून चिमूटभर चांदी, ती पण आई साठवायची. हे शहर बाटली परत द्यायला शिकलेलं होतं. २०१८ च्या बंदीच्या वेळी दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची योजना जाहीर झाली होती तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, पण आमच्या दूधवाल्याने आजपर्यंत एक पिशवी परत घेतलेली नाही. ती योजना नेटाने राबवली पाहिजे असं मी वॉर्ड ऑफिसला लिहून दिलंय, तुम्हीही लिहा.

दह्याचं विचारलंत ना. जुन्या डेऱ्यांत अजून सुटं दही वजनावर मिळतं, स्टीलचा डबा पुढे केला की त्यात. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या जुन्या बाजारात बघा.

---

माटुंगा_सखी

इडलीच्या पिठाचं: माटुंग्याच्या मार्केटात पीठ भांड्यातून मापाने देणारे आहेत, डबा नेला की भरून देतात. डबा अर्धाच भरून घ्या, पीठ फुगतं.

आणि उडप्याकडे पार्सल घ्यायचं तर डबे घेऊन जा, कोणी वाकडं तोंड करत नाही, उलट सांबार जास्त मिळतं. पन्नीतलं गरम सांबार आणि चटणीच्या गाठी मारलेल्या पुरचुंड्या हा माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट प्रकार, खाण्यासाठीही आणि कचऱ्यासाठीही, त्या खरकट्या पुरचुंड्या कोण धुणार आणि कोण वेचणार.

---

संदीप_डोंबिवली

नचिकेत, किटलीचं आवडलं, आमच्याकडे विचारतो. तरी माझा मुद्दा सोडत नाहीये. वडापाव-भजीसाठी लोक प्लास्टिक सोडून वर्तमानपत्रावर आले, तर अन्नसुरक्षावाले सांगतात छपाईची शाई पोटात जाते, छापील कागदात खाणं देऊ नका. सुट्या तेलाला तर कायद्यानेच बंदी. म्हणजे माणसाला प्लास्टिक सोडायचंय तरी चारही बाजूंनी वाट बंद.

---

शेवंती

शाईचं बरोबर आहे, मुलांना वडापाव मी वर्तमानपत्रात देऊ देत नाही, डबा नसेल तर तिथेच उभं राहून खायचा. तेलाचं म्हणाल तर भेसळ होते म्हणून बंदी आहे आणि ती असावी. पाच लिटरचा कडक कॅन किंवा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणायचा, दोन्ही भंगारात जातात, पत्र्याच्या डब्याला तर मागणी असते. पिशवीतलं तेल आणत नाही, ती तेलकट पिशवी धुऊन होत नाही.

गोळ्यांच्या स्ट्रिप्सचं मात्र काही करता येत नाही. सासऱ्यांची बीपी-शुगरची औषधं, ती येणार, काका घेत नाहीत, आणि मी त्याबद्दल जिवाला लावून घेत नाही.

पावसाळ्याचं कोणी सांगितलं नाही अजून. सुती पिशवी भिजते आणि मग तीन दिवस वाळत नाही, कांदे कुजतात.

---

माटुंगा_सखी

मोडलेल्या छत्र्यांचं कापड! जूनमध्ये छत्रीवाला फुटपाथवर बसतो त्याच्याकडे काड्या मोडलेल्या छत्र्यांची काळी कापडं पडलेली असतात, चार पैशांत देतो. शिंप्याकडून दुहेरी शिवून घ्यायची, पाणी आत जात नाही, झटकली की कोरडी. कापड पॉलिस्टर आहे हे मला माहितीये, पण ते आधीच बनलेलं आहे आणि नाहीतर कचऱ्यातच गेलं असतं. माझी पिशवी अजून शाबूत आहे.

---

केतकी_मुलुंड

छत्रीची पिशवी लगेच करतेय. आणि दुधाची पिशवी फोडेल त्याने धुवायची, हे काल घरात जाहीर केलं, नवरा काही बोलला नाही, धुतली.

दांड्याची पोर, एक विचारायचं होतं, रविवारी मासे आणते तर किती मोठा डबा आणू? पापलेट बसत नाही म्हणून मी दर वेळी पिशवी घेते.

---

दांड्याची_पोर

पापलेट अख्खं तळायचं असेल तर पोळ्यांचा चपटा गोल डबा आणा, बसतं. सुरमई-रावसच्या तुकड्यांना साधा उभा डबा चालतो. कोळंबी सोलून घ्यायची असेल तर छोटा वेगळा आणा, सालं आम्ही ठेवून घेतो. बोंबील पाणी फार सोडतो त्याला जाळीचं भांडं आत असलेला डबा हवा, जुनी पुरणाची चाळण डब्यात बसली तरी झालं. झाकण घट्ट पाहिजे, क्लिपवालं नाहीतर कडीचं, आणि डबा पिशवीत उभा राहील असा तळाला टॉवेल घाला. रविवारी आठच्या आधी या, नंतर गर्दीत कोणी डब्यात नीट लावून देत नाही. मुलुंडला तुमच्या बाजारातल्या मावशीला पण हेच सांगा, दोनदा डबा बघितला की तिसऱ्यांदा ती स्वतः विचारते, डबा आणला का.